पान 38वर अडकलेली खूण: लक्ष, वय आणि मोबाईल

प्रश्न: वय 47, विट्याला पतसंस्थेत नोकरी. कॉलेजात असताना एका रात्रीत कादंबरी संपवायचे. आता दोन महिने झाले, एका कादंबरीतली खूण पान 38वरच आहे. दोन पानं झाली की हात मोबाईलकडे जातो. मुलगा दहावीत, त्याचीही तीच गत. सासूबाई 74च्या. पूर्वी पोथीला तासभर बसायच्या, आता दहा मिनिटांत उठतात, आणि त्यांनाही रील्सचा नाद लागलाय. हे वयामुळं की मोबाईलमुळं? आणि गेलेलं परत येतं का?

उत्तर:

तिघांची तक्रार तुम्ही एका दमात सांगितलीत. बहुतेक घरांतून ती अशीच एकत्र येते. पण तुमचं, मुलाचं आणि सासूबाईंचं दुखणं एक नाही. मी सांगलीत वीसेक वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. 'लक्ष लागत नाही' हे वाक्य ओपीडीत रोज चार-पाच वेळा तरी ऐकते, आणि त्यामागे काय निघेल ते आधी कधीच सांगता येत नाही. कधी मोबाईल निघतो, कधी थायरॉईड, कधी सोसायटीचं थकलेलं कर्ज, कधी कानातला मळ.

आधी एक थोतांड बाजूला काढते, कारण ते तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेलं असणार. 'माणसाचं लक्ष आता 8 सेकंदांवर आलंय, गोल्डफिशपेक्षाही कमी.' 2015 साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका अहवालातून हे जगभर पसरलं. अहवालानं तो आकडा दुसऱ्या एका वेबसाइटवरून उचलला होता. त्यामागे कुठलं संशोधन आहे हे शोधायला जे पत्रकार गेले, ते हात हलवत परत आले. त्यात बिचाऱ्या माशाची फुकट बदनामी झाली. गोल्डफिशला शिकवलेली गोष्ट महिनोन् महिने आठवते.

मुळात 'लक्ष किती सेकंदांचं' हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या मराठीत लक्षाबरोबर किती क्रियापदं येतात बघा. लक्ष वेधलं जातं, लक्ष द्यावं लागतं, लक्ष ठेवावं लागतं, आणि एखाद्या गोष्टीत लक्ष लागतं. प्रयोगशाळेतही ही कामं वेगवेगळी मोजतात. फटाका वाजला की मान वळते, ते वेधलं जाणं. तान्ह्या बाळालाही ते जमतं, त्याला शिकवणी लागत नाही. कंटाळवाण्या कामाला आपण होऊन चिकटून राहणं म्हणजे लक्ष देणं. ते यायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, कारण कपाळामागचा मेंदूचा जो भाग हे काम बघतो तो सगळ्यांत शेवटी पिकतो.

लक्ष ठेवणं तर कुणालाच फार वेळ जमत नाही, आणि हे मोबाईलच्या कितीतरी आधी कळलंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारसमोर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा निसटायला लागल्या. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक तबकडी बनवली. तिच्यावर काटा टिकटिक फिरायचा आणि अधूनमधून एकदम दुप्पट उडी मारायचा, ती उडी पकडायची. दोन तासांच्या बैठकीत पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढलेल्या दिसल्या. 1948 साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. आपल्याकडे जतच्या बाजूला शाळूच्या राखणीला माळ्यावर बसणारा माणूस मधूनमधून आरोळी ठोकतो. ती पाखरांसाठी असते, तशी थोडी स्वतःला जागं ठेवायलाही असावी, असं मला नेहमी वाटतं.

आता वयाचं. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटानं 10 ते 70 वयाच्या दहा हजारांहून जास्त लोकांची इंटरनेटवरून चाचणी घेतली. पडद्यावर चित्रं एकमेकांत विरघळत येतात. शहराचं चित्र आलं की बटण दाबायचं, डोंगराचं आलं की हात आवरायचा. जेमतेम चार मिनिटांचा खेळ, पण दुसऱ्या मिनिटाला जांभई येते आणि बोट आपोआप दाबायला लागतं. यात लहानपणापासून गुण चढत गेले, चाळिशीच्या सुरुवातीला, साधारण 43च्या आसपास, सगळ्यांत वर पोचले, आणि तिथून सावकाश उतरू लागले. वय वाढलं तशी माणसं जास्त जपून दाबू लागली. चूक झाली की वेग कमी करायची.

2023 साली आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लक्ष अजिबात न ढळता टिकलेला सर्वांत लांब टप्पा मोजला. 7 ते 13 वर्षांच्या मुलांत तो 30 सेकंदांच्या आसपास, तरुणांत 76, आणि वयस्कांत 67. म्हणजे तरुण आणि वयस्क यांच्यात फरक नऊ सेकंदांचा. तुमच्या सासूबाईंचा तास दहा मिनिटांवर येण्याचा हिशेब एवढ्यात बसत नाही, हे ध्यानात ठेवा. त्याकडे मी परत येणार आहे. आणि हो, हे टप्पे सेकंदांचे आहेत म्हणून दचकू नका. कादंबरी वाचतानाही मन मिनिटामिनिटाला निसटतं आणि परत येतं. चांगला वाचक निसटला तरी परत येतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा 47व्या वर्षी तुम्ही शिखरावरून जेमतेम चार पावलं खाली आहात. पान 38चा दोष वयावर टाकता येत नाही.

मग मोबाईल? ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापिका वीस वर्षांहून जास्त काळ कार्यालयातल्या माणसांच्या मागे लागून हे मोजत आल्या आहेत, सुरुवातीला तर अक्षरशः स्टॉपवॉच घेऊन. 2004 साली माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं राहायचा. 2012 साली 75 सेकंद. अलीकडच्या मोजण्यांत 47 सेकंद. (तुमच्या वयाएवढेच, योगायोगानं.) हे आकडे सगळीकडे छापून येतात आणि चुकीचे वाचले जातात. माणूस किती वेळ राहू *शकतो* हे त्यांत नाही, किती वेळ *राहतो* एवढंच आहे. दंडात बळ असलेला माणूसही कोपऱ्यावर जायला गाडी काढतो, तशातली गोष्ट.

मार्क यांनी आणखी एक गोष्ट नोंदली आहे, आणि पेशंटांना मी तीच आधी सांगते. कामात येणारे जवळपास निम्मे व्यत्यय बाहेरून येत नाहीत, माणूस आपल्याच हातानं आणतो. फोन वाजलेला नसतो, तरी हात जातो. तुम्ही लिहिलंत 'हात मोबाईलकडे जातो'. 'मोबाईल वाजतो' असं लिहिलं नाहीत. ही सवय आहे, आणि ती कशी लागते हे जुनंच शास्त्र आहे. दर वेळी बक्षीस मिळालं तर माणूस कंटाळतो. कधी मिळेल ते माहीत नसलं की तो पुन्हा पुन्हा बघत राहतो. दहा रील्स टाकाऊ, अकरावी झकास. भिशीच्या चिठ्ठीला शेवटपर्यंत बसून राहणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच.

त्यात नुकसान किती? फोन बघायला वीस सेकंद लागतात, पण खर्च वीस सेकंदांचा नसतो. सोफी लेरॉय या संशोधिकेनं 2009 साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्यावर गेलं तरी पहिल्याचा गाळ डोक्यात राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. संध्याकाळी कॅश जुळवताना कुणी 'मॅडम, एक मिनिट' म्हणालं आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

फोन नुसता टेबलावर पालथा असला तरी डोकं कमी चालतं, असं 2017च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं होतं. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा कधी तसं दिसलं, कधी नाही. म्हणून मी ते ब्रह्मवाक्य मानत नाही. तरी वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा असंच सांगते, कारण उठून जायचा आळस आपल्या कामी येतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र बऱ्यापैकी हाताशी आहे. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 467 जणांनी फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवायचं कबूल केलं. फोन आणि एसएमएस चालू, घरच्या-ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काय हवं ते बघायची मोकळीक. वर सांगितली तसली शहर-डोंगरांची चाचणी आधी आणि नंतर घेतली. लक्ष इतकं सुधारलं की वयामुळे दहा वर्षांत जेवढी घट होते तेवढी भरून निघावी. बऱ्याच जणांना पूर्ण पंधरा दिवस ते निभावलं नाही, आणि हे सगळे आपण होऊन पुढे आलेले लोक होते, हेही सांगायला हवं. तरीही, पंधरा दिवसांत एवढं परत येतं म्हणजे मुळात फार काही मोडलेलं नव्हतं.

पण थांबा. तुमचा सगळा दोष मोबाईलच्या पदरात टाकून मी तुम्हाला मोकळं करणार नाही. हल्ली पेशंट निदान घेऊनच येतात. पूर्वी सगळं 'टेन्शन'वर जायचं, आता सगळं मोबाईलवर जातं, आणि खरं कारण बिनबोभाट खाली राहतं. तुमच्या वयाची बाई समोर बसली की मी आधी झोप विचारते. रोज सहाच तास झोपून चौदा दिवस काढलेल्या लोकांची चाचणी 2003 साली घेतली, तर त्यांचं लक्ष पूर्ण एक रात्र जागलेल्या माणसासारखं घसरलेलं होतं. त्यांना स्वतःला मात्र 'थोडीशी झोप येते, बाकी ठीक' असंच वाटत होतं. मग पाळी. ती जाण्याच्या आधीची काही वर्षं शब्द न आठवणं, धागा सुटणं, रात्री दोनला जाग येणं हे सर्रास होतं, आणि बायका ते कुणाला सांगत नाहीत. मग हिमोग्लोबिन, थायरॉईड, शाकाहारी असाल तर बी-12. या तिन्ही तपासण्या विट्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये होतात. रिपोर्ट हातात येईपर्यंत मोबाईलला शिव्या द्यायला हरकत नाही. आणि कशातच मन लागत नाही, आवडीची भाजीही नको वाटते, असं असेल तर तो प्रश्न लक्षाचा नाही, उदासीचा आहे. त्याला वेगळं औषध आहे.

मुलाबद्दल. दहावीच्या मुलांच्या आया एक वाक्य हमखास म्हणतात: 'गेमवर तीन तास हलत नाही, म्हणजे लक्ष आहे ना, डॉक्टर?' आहे, पण ते वेधलेलं लक्ष. गेम दर दोन सेकंदांनी त्याला हाका मारतो. भूमितीचं प्रमेय हाक मारत नाही. तिथे त्यालाच आपण होऊन जावं लागतं, आणि ते करणारा मेंदूचा भाग पंधराव्या वर्षी अजून अर्धाकच्चा आहे. त्यात या पोरांना आपणच फोन दिलाय. 2020च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तुमचा मुलगा चौथी-पाचवीत असणार. त्या वयात वर्ग, गृहपाठ, मित्र, करमणूक, सगळं एकाच काचेत कोंबलं गेलं.

लॉस एंजेलिसमधल्या अडीच हजारांवर किशोरांचा दोन वर्षं पाठपुरावा केलेला 2018चा एक अभ्यास आहे. सुरुवातीला कुणातच लक्ष-चंचलतेची लक्षणं नव्हती. जे डिजिटल माध्यमं फारशी वापरत नव्हते त्यांच्यात पुढे ती 4.6 टक्क्यांना दिसली, जे मेसेज, व्हिडिओ अशा सात प्रकारांनी सतत वापरत होते त्यांच्यात 9.5 टक्क्यांना. फरक आहे, नाकारण्यासारखा नाही. पण दुसरी बाजूही वाचा: भरमसाट वापरणाऱ्यांतही दहातल्या नऊ जणांना लक्षणं आली नाहीत. आणि मुळातच चंचल असलेलं पोर फोनकडे जास्त ओढलं जातं, हाही भाग त्यात असू शकतो.

एडीएचडी, म्हणजे लक्ष-चंचलतेचा विकार, वेगळा. तो मोबाईलनं दहावीत अचानक उगवत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. बालवाडीपासून बाई 'हा जागेवर बसत नाही' म्हणत असतील, डबे-दप्तरं हरवत असतील, तर एकदा दाखवून घ्या. नसतील तर ते लेबल लावू नका. 

एक प्रसंग सांगते. एक आई मुलाला घेऊन आली होती. 'मी बोलते तेव्हा याचं लक्षच नसतं,' असं सांगत असतानाच तिचा फोन थरथरला. तिनं पर्स उघडून बघितलं, पर्स बंद केली, आणि मला विचारलं, 'मी काय सांगत होते?' मुलगा माझ्याकडे बघून गालात हसला. त्या पोराचं लक्ष होतं की! 

अडचण खरी आहे हे मला कळतं. गृहपाठ शाळेच्या ग्रुपवर येतो, क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये येतात. मग रोज संध्याकाळी एकदाच, तुमच्या फोनवर, काय आलंय ते त्यानं वहीत उतरवून घ्यावं, मोठं असेल तर झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणावी, आणि फोन त्या खोलीतून जावा. सगळ्यांचेच जावेत. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022च्या स्वातंत्र्यदिनापासून जे केलं ते तुमच्यापासून काही फार लांब नाही. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघर फिरून बघायच्या. ही बातमी देशभर गाजली आणि सगळ्यांनी भोंग्याचं कौतुक केलं. मला त्यातलं वेगळंच पटलं: एकट्या पोरावर बंदी नव्हती. बाप सोफ्यावर रील्स बघतोय आणि मुलानं आत प्रमेय पाठ करायचं, हे कुठल्याच गावात चालत नाही.

आता सासूबाई. वयानं होतं ते असं: नको ते गाळायची चाळण सैल होते. शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, नातवाचं बोलणं, सगळं एकदम आत येतं. उलट मनाचं आपोआप भरकटणं वयस्क माणसांत तरुणांपेक्षा कमीच दिसतं. म्हणून शांत खोलीत, ओळखीच्या कामात, म्हातारी माणसं आपल्याला हरवतात. त्यांचा तास दहा मिनिटांवर आला, तर मी वयाच्या आधी डोळे आणि कान बघते.

मिरजेतले एक तंतुवाद्यांचे कारागीर माझ्याकडे आले होते, सत्तरीच्या पुढचे. मुलाची तक्रार, 'आबांचं लक्ष राहत नाही, विसरतात, चिडतात.' सगळ्यांना भीती एकच, स्मृतिभ्रंशाची. ते स्वतः एवढंच म्हणाले, 'जवारी सापडत नाही.' तंबोऱ्याची जवारी म्हणजे घोडीचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. एक तंबोरा बोलता व्हायला तास जातो. मी त्यांना अंक उलटे सांगायला लावले, महिन्यांची नावं उलटी म्हणायला लावली. काही चुकलं नाही. कान तपासायला पाठवलं. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी जातं, आणि जवारीचा झंकार तर नेमका त्या वरच्या स्वरांचाच असतो. बोलताना त्यांना अर्धे शब्द ऐकू यायचे, उरलेले अंदाजानं जुळवता जुळवता ते दमायचे आणि सोडून द्यायचे. घरच्यांना ते 'लक्ष नाही' असं दिसायचं. कानाचं यंत्र बसल्यावर पहिले पंधरा दिवस ते पत्र्याचा आवाज येतो म्हणून कुरकुरले, आता काढायला तयार नाहीत.

पोथीचं टाइप बारीक असतं. मोतीबिंदू असेल तर दहा मिनिटांत डोळे चुरचुरायला लागतात, आणि रील्स मात्र उजळ, मोठ्या, डोळ्यांपासून हव्या त्या अंतरावर. त्यांना रील्सचा नाद लागलाय की पोथी दिसेनाशी झालीय, हे आधी ठरवा. त्याबरोबर गोळ्यांची पिशवी घेऊन या. झोपेच्या, सर्दी-खाजेच्या, वारंवार लघवीच्या काही गोळ्या या वयात डोकं जड करतात. हे बदल महिन्यांत न होता चार-पाच दिवसांत झाले असतील, किंवा रस्ता चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं सुरू असेल, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

तुमच्या वाचनाला उपाय एवढाच: जेवणानंतर वीस मिनिटं, फोन स्वयंपाकघरात, हातात पेन्सिल. फोन आठवला की उठायचं नाही, समासात एक छोटी रेघ मारायची. पहिल्या आठवड्यात पानांच्या कडेला रेघांचं कुंपण होतं, सगळ्यांचंच होतं. तिसऱ्या आठवड्यात मोजून बघा. वाढवायची घाई करू नका. वीसाची पंचवीस मिनिटं आपोआप झाली तर होऊ द्या.

आणि पान 38वरून सुरू करू नका. दोन महिन्यांत कोण कुणाची मावशी हे तुम्ही विसरला असणार. ते बघायला मागची पानं चाळाल, आणि चाळता चाळता हात फोनकडे जाईल. खूण काढा आणि पान 1पासून वाचा.